‘मी इटालियनच्या प्रेमात पडले’ हे इटालियनमध्ये नीट कसं म्हणायचं? (आणि सुरुवातीचे काही प्रश्न)

रानजाई

नमस्कार. इटालियन शिकायला सुरुवात करून दोन महिने झालेत, रोज साधारण पाऊण तास. या भाषेचा नाद लागलाय आणि तो तिच्या नादामुळेच लागलाय. जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरावर येऊन थांबतो, त्यामुळे साधं रेल्वे स्थानकावरचं निवेदनसुद्धा ऐकत राहावंसं वाटतं. परीक्षा, नोकरी, व्हिसा असं काही डोक्यात नाही. वाचता-बोलता यावं, एवढंच.

अडचण अशी की शिकायचं सगळं साहित्य इंग्रजीतून आहे. मराठीतून विचार करायचा, त्याचं इंग्रजी करायचं, मग इटालियन करायचं, यात वाक्याचा जीव जातो. उदाहरणार्थ, “मी इटालियनच्या प्रेमात पडले.” याचं मी केलेलं भाषांतर: “इओ सोनो इन्नामोरातो दि इतालियानो.” हे चुकलंय इतकं कळतं, पण कुठे कुठे चुकलंय ते कळत नाही.

आणखी तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मराठी जिभेला कोणते उच्चार खास जपावे लागतात? नामांची लिंगं लक्षात कशी ठेवायची? आणि गाण्यांवरून शिकलं तर चालेल का?

(इटालियन शब्द देवनागरीतच लिहावेत ही विनंती. उच्चार डोळ्यांसमोर राहतो.)

ओटीवर

वाक्यात चार चुका आहेत आणि चारही शिकण्यासारख्या आहेत, म्हणून एकेक घेतो.

‘इओ’ नको. मराठीत ‘जातेस’ म्हटलं की ‘तू’ सांगावं लागत नाही. तसंच पार्लो म्हणजे मी बोलते, पार्ली म्हणजे तू बोलतेस, पार्लियामो म्हणजे आम्ही किंवा आपण बोलतो. क्रियापदाच्या शेपटातच कर्ता आहे. ‘इओ’ घालायचा तो जोर देण्यासाठी: ‘मी’ बोलतेय, दुसरं कोणी नाही. इंग्रजीतून शिकणारे प्रत्येक वाक्यात तो घालतात आणि ऐकणाऱ्याला सारखं ‘मी, मी’ ऐकू येतं.

‘इन्नामोरातो’ हे पुरुषाचं रूप झालं. तुम्ही मराठीत ‘पडले’ लिहिलंय, म्हणजे ‘इन्नामोराता’. यात गंमत अशी की वर्तमानकाळात मराठी ‘जातो’ आणि ‘जाते’ असा भेद करते, इटालियन करत नाही, दोघंही ‘वादो’च म्हणतात. भूतकाळात मात्र इटालियनही आपल्यासारखी वागते: सोनो आन्दातो, गेलो. सोनो आन्दाता, गेले. इंग्रजीतून विचार केला की हा भेद दिसतच नाही. मराठीतून केला की तो आपोआप येतो.

सुरुवातीला ‘मि’ हवं. ‘सोनो इन्नामोराता’ म्हणजे प्रेमात आहे, ही स्थिती. ‘मि सोनो इन्नामोराता’ म्हणजे प्रेमात पडले, ही घटना. मूळ क्रियापद इन्नामोरार्सी, शेवटचं ‘सी’ म्हणजे ‘स्वतःला’. ते प्रथमपुरुषात ‘मि’ होतं. एक सावधगिरी: हे ‘मि’ कानाला आपल्या ‘मी’सारखं लागतं, पण त्याचा अर्थ ‘मला’ किंवा ‘स्वतःला’. ‘मी’ कधीच नाही.

चौथी चूक ‘दि इतालियानो’. आपला ‘च्या’ मागून येतो, इटालियनमधला ‘दि’ पुढून येतो आणि आर्टिकल (नामाआधी येणारा इल, ला, लो असा छोटा शब्द, इंग्रजी ‘द’सारखा) दिसलं की त्याला चिकटतो. दि आणि इल मिळून देल, दि आणि ला मिळून देल्ला. आ (‘ला’, ‘कडे’) अधिक इल म्हणजे आल, दा (‘पासून’) अधिक इल म्हणजे दाल, इन (‘मध्ये’) अधिक इल म्हणजे नेल, सु (‘वर’) अधिक इल म्हणजे सुल. ‘घरात, घरावर, घरापासून’ लिहिताना आपण प्रत्यय तोडत नाही, तसं यांनाही तोडायचं नाही. भाषेच्या नावाला एरवी आर्टिकल लागतं, म्हणून ‘देल्लितालियानो’. (‘पार्लो इतालियानो’, म्हणजे मी इटालियन बोलते, यात मात्र सहसा गाळतात.)

पण ‘देल्लितालियानो’ला दुसरा अर्थही आहे: ‘त्या इटालियन माणसाच्या’. तो नको असेल तर भाषा हा शब्द घाला:

मि सोनो इन्नामोराता देल्ला लिंग्वा इतालियाना.

या एका वाक्यात आत्मवाचक क्रियापद, एस्सेरे (असणे) या क्रियापदाने होणारा भूतकाळ, लिंगाचा मेळ आणि जोडलेलं अव्यय असं चौघांचं काम आहे. रोज मोठ्याने म्हणा. मग त्यातला कर्ता बदलून म्हणा: तो पडला, ती पडली, ते पडले, आपण पडलो. सि ए इन्नामोरातो, सि ए इन्नामोराता, सि सोनो इन्नामोराती, चि स्यामो इन्नामोराती.

चमचाभर

उच्चारांचं मी सांगते. मराठी माणसाला इटालियनमध्ये जन्मजात सवलती आहेत, पण त्यांच्याच शेजारी तीन-चार खड्डेही आहेत.

आधी सवलती. इटालियन त आणि द दंत्य आहेत, आपल्यासारखेच. ‘तुत्तो’ म्हणजे सगळं, यात आपल्या ‘तूप’मधला त. इंग्रजीतून आलेली माणसं ‘टुटो’ म्हणतात. आपण तसं म्हणायचं कारणच नाही, तरी रोमन अक्षरं दिसली की जीभ इंग्रजी शाळेत जाते. क, प, त यांच्यामागे हवा सोडायची नाही, हेही आपल्याला सहज जमतं.

जोडव्यंजनं ही खरी परीक्षा. कासा म्हणजे घर, कास्सा म्हणजे गल्ला. कापेल्लो म्हणजे केस, काप्पेल्लो म्हणजे टोपी. सेते म्हणजे तहान, सेत्ते म्हणजे सात. नोनो म्हणजे नववा, नोन्नो म्हणजे आजोबा. वय सांगताना ‘आन्नी’ म्हणायचं असतं, एक न गाळला तर नको त्या अवयवाचा उल्लेख होतो. ‘पक्का’, ‘गल्ला’, ‘अण्णा’ म्हणताना जीभ जशी क्षणभर थांबते तशीच थांबवा. अर्धं काम मात्र आधीच्या स्वराचं आहे, आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एकेरी व्यंजनाआधीचा आघाती स्वर लांब, दुहेरीआधीचा आखूड. काऽसा, पण कास्सा. स्वर लांबच ठेवून नुसतं व्यंजन दाबलं तर ऐकणाऱ्याला दोन्हींतलं एकही नीट ऐकू येत नाही.

आता खड्डे.

आपला ‘अ’ इटालियनमध्ये नाहीच. रोमन लिपीतलं पहिलं अक्षर (इंग्रजीत ज्याला ‘ए’ म्हणतात) दिसलं की तो ‘आ’च. केळं ‘बानाना’ आहे, ‘बनाना’ नाही. आणि शेवटचा स्वर गिळायचा नाही. मराठीत ‘घर’ लिहून आपण ‘घर्’ म्हणतो, ती सवय इथे घात करते, कारण लिंग, वचन, पुरुष सगळं त्या शेवटच्या स्वरातच बसलेलं आहे. आमीको म्हणजे मित्र, आमीका म्हणजे मैत्रीण, आमीची म्हणजे मित्र अनेक, आमीके म्हणजे मैत्रिणी. शेवट पुसट झाला की चौघंही एकच.

दुसरा खड्डा च आणि ज यांचा. मराठीत दोन च आहेत: ‘चमचा’मधला दंतमूलीय आणि ‘चार’मधला तालव्य. इटालियन झेडचा एक उच्चार जवळजवळ ‘चमचा’मधला च, म्हणजे त्स. दुसरा उच्चार ‘जग’मधला ज, म्हणजे द्झ. हिंदी भाषकाला हे ध्वनी कष्टाने शिकावे लागतात, आपल्याकडे घरचेच आहेत. पण मराठीत इ किंवा ए पुढे आला की हा ध्वनी तालव्य होतो. ‘माझा’ म्हणताना झ दातांशी असतो, ‘माझी’ म्हणताना टाळूकडे सरकतो. ‘चमचा’चं ‘चमचे’ करून बघा. इटालियन झेड असा सरकत नाही. म्हणून ‘पित्सा’ छान म्हणणारा मराठी माणूस अनेकवचनात ‘पित्से’ऐवजी ‘पिच्चे’ म्हणून बसतो, आणि ‘ग्रात्स्ये’चं ‘ग्राच्ये’ होतं. त्से, त्सी, द्झे, द्झी हे रोज वीस वेळा घोटा. स्तात्स्योने (स्थानक), लेत्स्योने (धडा), द्झेरो (शून्य).

तिसरं, व आणि फ. इटालियन व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागलेच पाहिजेत. आपला व ओठ गोल करून सुटतो. अंड्याला शब्द आहे ‘उऑवो’: पहिला ध्वनी ओठांचा, दुसरा दातांचा, एकाच शब्दात दोन्ही. सरावाला याहून चांगला शब्द नाही. फ आपल्या ‘फळ’चा नाही, ‘फॅन’चा. फात्तो म्हणजे केलेलं, पात्तो म्हणजे करार. हवेचा प म्हटला तर ऐकणाऱ्याला करार ऐकू येतो.

वाचनातला एक नियम पाठच करा. सी आणि जी यांच्यापुढे इ किंवा ए आला की च आणि ज. मध्ये एच आला तर तो पहारेकरी, क आणि ग तसेच राहतात. म्हणून ब्रुस्केत्ता, ब्रुशेटा नाही. एस-सीला हाच नियम: पुढे इ-ए आला तर श. पेश्शे म्हणजे मासा. मध्ये एच घातला की पेस्के, म्हणजे पीच ही फळं. ‘कापीस्को’ म्हणजे मला समजतं, पण ‘कापीशी’ म्हणजे तुला समजतं. क्रियापद तेच, ध्वनी बदलला, कारण पुढचा स्वर बदलला.

जी-एन म्हणजे ‘धान्य’मधला न्य, जी-एल-आय म्हणजे ‘कल्याण’मधला ल्य. हे दोन आपल्याला लगेच येतात.

आघात सहसा शेवटून दुसऱ्या अक्षरावर. शेवटच्यावर असेल तर लिखाणात खूण असते. शेवटून तिसऱ्यावर असेल तर खूण नसते, तो शब्दाबरोबरच शिकावा लागतो: तावोलो (टेबल), साबातो (शनिवार), तेलेफोनो यांत अनुक्रमे ता, सा आणि ले वर जोर. क्रियापदांत हमखास चूक ‘पार्लानो’ची, म्हणजे ‘ते बोलतात’. पार्लियामो, पार्लाते म्हणताना जोर मध्ये असतो, त्या ओघात ‘ला’वर जातो. तो ‘पार्’वर हवा.

ए आणि ओचे उघडे-बंद असे दोन प्रकार आहेत, त्यांच्या मागे पहिलं वर्षभर लागू नका. खुद्द इटलीत प्रदेशागणिक ते बदलतात.

दुपारचा_चहा

लिंगाबद्दल. मराठीला तीन लिंगं, इटालियनला दोन. त्यामुळे अडचण कल्पनेची नाही, वाटपाची आहे. आपली नपुंसक नामं कुठे गेली ते शब्दागणिक बघावं लागतं: पुस्तक झालं पुल्लिंगी (इल लीब्रो), घर झालं स्त्रीलिंगी (ला कासा), झाड पुल्लिंगी (लाल्बेरो). आपला ‘तो हात’ तिकडे ‘ला मानो’, ओ वर संपूनही स्त्रीलिंगी.

ढोबळ नियम तुम्हाला माहीत असतील: ओ पुल्लिंगी, आ स्त्रीलिंगी, ए दोन्हींपैकी काहीही. ए वर संपणाऱ्यांत ‘-त्स्योने’ स्त्रीलिंगी आणि ‘-ओरे’ बहुतेक पुल्लिंगी, एवढ्यात बरेच शब्द आटोपतात. ‘-मा’वर संपणारे ग्रीकमधून आलेले शब्द पुल्लिंगी: इल प्रोब्लेमा, इल सिस्तेमा.

अनेकवचनात मराठी माणसासाठी सापळा आहे आणि इंग्रजी पुस्तकात तो कुठेच सापडणार नाही. आपल्याकडे आंबा-आंबे, मुलगा-मुलगे, म्हणजे ‘ए’ ऐकला की पुल्लिंगी अनेकवचन वाटतं. इटालियनमध्ये उलट. ‘ए’ हा आ-कारान्त स्त्रीलिंगी नामांचा: रागात्सा-रागात्से, मुलगी-मुली. मुलगे म्हणजे रागात्सी, आणि आपल्या कानाला ‘ई’ स्त्रीलिंगी वाटतो. पहिले काही आठवडे हे उलटंच ऐकू येणार. कान वळेपर्यंत आर्टिकलकडे लक्ष द्या: ‘ले’ असेल तर मुली, ‘इ’ किंवा ‘ल्यि’ असेल तर पुरुषमंडळी.

म्हणूनच शब्द एकटा कधी लिहू नका. वहीत प्रत्येक नाम आर्टिकल आणि अनेकवचनासकट: लो स्तुदेन्ते, ल्यि स्तुदेन्ती. लो द्झाइनो (पाठपिशवी), ल्यि द्झाइनी. लामीको, ल्यि आमीची. ‘लो’ कधी लागतो? एस आणि पुढे व्यंजन असेल तर, शिवाय झेड, जी-एन, पी-एस यांच्याआधी. नियम सोपा आहे, फक्त जोडीने पाठ केला नाही तर बोलताना आठवत नाही.

थोडं नपुंसकलिंग उरलंय म्हणा ना. लॅटिनच्या नपुंसक अनेकवचनाचा ‘आ’ काही शब्दांत टिकलाय: उऑवो-उऑवा (अंडं, अंडी), दीतो-दीता (बोट, बोटं), ब्राच्चो-ब्राच्चा (बाहू). एकवचनात पुल्लिंगी, अनेकवचनात स्त्रीलिंगी.

रानजाई

‘ए’चा सापळा वाचून दोन महिन्यांचं कोडं सुटलं. मनापासून आभार.

आणखी एक विचारते. भूतकाळात साहाय्यक क्रियापद आवेरे (जवळ असणे) कधी आणि एस्सेरे (असणे) कधी? पुस्तकात ‘गतिवाचक क्रियापदांना एस्सेरे’ असं दिलंय, पण ‘चालणे’ला आवेरे दाखवलंय. चालणं म्हणजे गती नाही का?

ओटीवर

गतीचा नियम कच्चा आहे. जाणं, येणं, पोचणं, निघणं, जन्मणं, मरणं, होणं, राहणं यांत कर्ता कुठून तरी कुठे तरी जातो किंवा त्याची अवस्था बदलते, त्यांना एस्सेरे. चालणं, पोहणं या नुसत्या क्रिया, म्हणून आवेरे.

मराठीतून एक चाचणी आहे. भूतकाळात ‘त्याने’ म्हणावं लागतं का? त्याने खाल्लं, त्याने लिहिलं, त्याने पाहिलं: तिथे आवेरे. आ मांजातो, आ स्क्रीत्तो, आ विस्तो. तो गेला, तो आला, तो मेला: ए आन्दातो, ए वेनूतो, ए मोर्तो.

पण ही चाचणी एकेरी आहे. ‘ने’ आला तर आवेरे. ‘ने’ नसला तर मात्र थांबून बघा, कारण तो झोपला, हसला, रडला, बोलला, चालला, शिकला, विसरला यांत मराठीत ‘ने’ नाही, तरी इटालियनमध्ये सगळ्यांना आवेरे: आ दोर्मीतो, आ रीसो, आ प्यान्तो, आ पार्लातो, आ काम्मिनातो, आ इम्पारातो, आ दिमेन्तिकातो. ही सात रूपं एका कागदावर लिहून भिंतीला लावा.

चमचाभर

‘ने आला तर आवेरे’ला एक दुरुस्ती: ‘त्याने अंघोळ केली’. इथे ‘ने’ आहे, पण इटालियन ‘सि ए लावातो’ म्हणते. आत्मवाचक क्रियापद असेल तर ‘ने’ असो वा नसो, एस्सेरेच. उठणं, कपडे घालणं, दाढी करणं, आणि मूळ प्रश्नातलं प्रेमात पडणंही त्याच घरातलं. ‘त्याने प्रवेश केला’सारख्या ‘केला’वाल्या जोडक्रियापदांनाही चाचणी लावू नका, साधं क्रियापद घ्या: तो आत गेला, ए एन्त्रातो.

ओटीवर

बरोबर, दुरुस्ती मान्य.

ओघात कर्मणी प्रयोगाचंही सांगतो. ‘मी चावी आणली’मध्ये क्रियापद चावीप्रमाणे चालतं, आणणारा पुरुष असो की बाई. इटालियनमध्ये कर्म क्रियापदानंतर आलं तर मेळ नाही: ओ पोर्तातो ला क्यावे. मराठी वळणाने ‘ओ पोर्ताता ला क्यावे’ म्हणाल तर आजच्या बोलीत ते चूक. पण कर्म सर्वनाम होऊन क्रियापदाआधी आलं की आपला कर्मणी प्रयोग तंतोतंत हजर होतो. ला क्यावे? लो पोर्ताता (‘ला’ आणि ‘ओ’ मिळून ‘लो’). चावी? आणली. इ लीब्री? लि ओ पोर्ताती. इंग्रजीभाषकाला हे डोक्यात भरवायला फार वेळ लागतो. आपल्याला फक्त ‘कर्म क्रियापदाआधी की नंतर’ एवढंच बघायचंय.

‘आवडणे’ तर आपलंच आहे. मि प्याचे इल ते, मला चहा आवडतो. मि प्याच्चोनो इ लीब्री, मला पुस्तकं आवडतात. मि ए प्याचूतो इल ते, चहा आवडला. मि ए प्याचूता ला स्तोरिया, गोष्ट आवडली. आवडणारी वस्तू कर्ता, आपण ‘मला’. इंग्रजीतून गेलात तर वाक्य उलटं होतं आणि मग इंग्रजी पुस्तक ते पानभर समजावत बसतं. मि सेम्ब्रा, मला वाटतं. मि सेर्वे, मला लागतं. हे सगळे याच साच्याचे. भूक मात्र नाही: ‘ओ फामे’, म्हणजे ‘मला भूक आहे’ऐवजी ‘माझ्याकडे भूक आहे’.

घड्याळही मराठीतून सांगा. साडेतीन: सोनो ले त्रे ए मेद्द्झा. सवाचार: ले क्वात्रो ए उन क्वार्तो. पावणेचार: ले क्वात्रो मेनो उन क्वार्तो, चारात पाव उणा.

फक्त आदरार्थी रूपात मराठी फसवते. आपण एका माणसाला ‘तुम्ही’ म्हणतो, अनेकवचन वापरतो, म्हणून हात ‘वोइ’कडे जातो. प्रमाण इटालियनमध्ये एका अनोळखी व्यक्तीला ‘लेइ’, तृतीयपुरुषी एकवचन, समोर पुरुष असला तरी. कोमे स्ता? तुम्ही कसे आहात? ‘वोइ’ने आदर दक्षिण इटलीत अजून ऐकू येतो, पण शिकताना लेइ पक्कं करा. दुकानदाराला, घरमालकाला, मित्राच्या आईला थेट ‘तू’ ही इंग्रजीमार्गे जाणाऱ्यांची नेहमीची चूक आहे, कारण मधल्या इंग्रजीत तू-तुम्ही असा भेदच नसतो.

मांडवीकाठ

गोव्याकडून थोडी भर घालतो.

शब्दसंग्रहासाठी दोन जुने पूल आहेत. पहिला संस्कृतचा. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १५८८ मध्ये गोव्यात वारला. त्याने घरी धाडलेल्या पत्रांत नोंदवलंय की इथल्या पंडितांच्या भाषेतले पुष्कळ शब्द आमच्यासारखे आहेत: सहा, सात, आठ, नऊ यांना सेइ, सेत्ते, ऑत्तो, नॉवे, देवाला दीओ, सापाला सेर्पे. दोन्ही भाषाकुळांचं नातं विद्वानांनी सिद्ध केलं त्याच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. याच यादीत पुढे भर घाला: देन्ते-दंत, नोमे-नाम, वेदोवा-विधवा, मोर्तो-मृत, नुऑवो-नवा, जोगो म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. हे शब्द पाठ करावे लागत नाहीत, ओळखीचे निघतात.

दुसरा पूल पोर्तुगीजचा, ती इटालियनची सख्खी बहीण. मराठीत पोर्तुगीजमधून आलेले शब्द तिकडे भेटतात: चावी-क्यावे, पाव-पाने, पगार-पागारे (पैसे देणे), बटाटा-पताता, मेस्त्री-माएस्त्रो, अननस-आनानास.

पण घरात थोडी पोर्तुगीज असलेल्यांनी जपावं. ‘बुर्रो’ पोर्तुगीजमध्ये गाढव, इटालियनमध्ये लोणी. पोर्तुगीजचं ‘साइर’ म्हणजे बाहेर पडणं, इटालियन ‘सालीरे’ म्हणजे वर चढणं. इंग्रजीचेही असेच चकवे आहेत: कामेरा म्हणजे खोली, पारेन्ती म्हणजे नातेवाईक, लिब्रेरीया म्हणजे पुस्तकांचं दुकान, काल्दो म्हणजे गरम, पेपेरोनी म्हणजे ढोबळ्या मिरच्या. नुसतं ‘लात्ते’ मागितलंत तर दूध येईल.

दुपारचा_चहा

गाण्यांचा प्रश्न राहिला. गाणी जरूर ऐका, पण व्याकरण त्यांच्याकडून घेऊ नका. ऑपेराची भाषा काव्यातली आणि जुनी आहे. शेवटचे स्वर गळतात (‘आमोरे’चं ‘आमोर’), ‘कुऑरे’ऐवजी ‘कोर’ येतो, आत्म्याला ‘आनिमा’ऐवजी ‘आल्मा’. नेपल्सची प्रसिद्ध गाणी तर बहुतेक इटालियनमध्ये नाहीतच, ती नापोलितान भाषेत आहेत. तिथला शब्द कोशात सापडला नाही तर दोष तुमचा नाही. शिवाय चालीसाठी आघात आणि जोडव्यंजनं ओढली जातात, म्हणजे वर चमचाभर यांनी जे जपायला सांगितलंय तेच बिघडतं.

त्याऐवजी श्रुतलेखन करा, इटालियन शाळांतही ते चालतं. स्पष्ट बोललेला तीस सेकंदांचा तुकडा घ्या. बातमी, हवामान, पाककृती, काहीही. एकदा नुसता ऐका. दुसऱ्यांदा वाक्यावाक्याला थांबवून लिहा. तिसऱ्यांदा ऐकून दुरुस्त करा. मग लिखित मजकुराशी ताडून बघा आणि चुका तीन रंगांत खुणवा: जोडव्यंजन, शेवटचा स्वर, आर्टिकल. दोन आठवड्यांत कोणता रंग जास्त आहे ते दिसेल, आणि पुढचा सराव कशाचा हवा तेही. शेवटी तोच तुकडा बोलणाऱ्याच्या अर्धा श्वास मागे राहून मोठ्याने म्हणा. याला वीस मिनिटं लागतात, तुमच्या पाऊण तासातली उरलेली पंचवीस क्रियापदं आणि वाचनाला.

शब्द रोज आठ-दहा पुरेत. कुठले निवडायचे? भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांनी १९८० मध्ये पायाभूत शब्दांची यादी केली आणि २०१६ मध्ये ती नव्याने काढली. त्यातला सुमारे २००० शब्दांचा ‘मूलभूत’ गट आधी घ्या. रोजच्या बोलण्या-लिहिण्याचा फार मोठा भाग तेवढ्यात येतो. अर्थ आणि आघातासाठी त्रेक्कानीचा कोश आंतरजालावर मोफत आहे. एकभाषी आहे म्हणून घाबरू नका, व्याख्या वाचणं हाच सराव.

संख्या कानाने वेगळ्या घोटा. ६७ आणि ७६ एकापाठोपाठ म्हणा: सेस्सान्तासेत्ते, सेत्तान्तासेइ.

परीक्षा नको म्हणालात, तरी कुणाला उपयोग होईल म्हणून: सिएनाच्या विद्यापीठाची चिल्स, पेरूजाची चेली आणि दान्ते आलिग्येरी सोसायटीची प्लिदा या मान्यताप्राप्त. लग्न किंवा वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व मागणाऱ्यांना २०१८ च्या अखेरीपासून साधारणपणे बी-१, म्हणजे मधल्या टप्प्याची भाषापातळी दाखवावी लागते.

रानजाई

सगळं छापून घेतलंय. आता सगळ्यांच्या जिवावर दोन वाक्यं स्वतः केली आहेत, तपासून द्याल का?

मि सोनो इन्नामोराता देल्ला लिंग्वा इतालियाना. लो स्तुद्याता पेर दुए मेसी.

दुसऱ्यात ‘ती’ म्हणजे भाषा पुढे आली, म्हणून मेळ घालून ‘स्तुद्याता’ केलंय.

ओटीवर

पहिलं वाक्य निर्दोष. दुसऱ्यातला मेळही अचूक आहे, पण अर्थ बदलला. ‘लो स्तुद्याता पेर दुए मेसी’ म्हणजे दोन महिने शिकले आणि आता शिकत नाही. हे इंग्रजीच्या वळणाने आलंय. मराठीत तुम्ही ‘दोन महिन्यांपासून शिकतेय’ म्हणाल, क्रियापद वर्तमानकाळी आणि ‘पासून’. इटालियनही तेच म्हणते, ‘पासून’साठी ‘दा’:

ला स्तूद्यो दा दुए मेसी. जोर ‘स्तू’वर.